नाताळचा तारा, माणग्याच्या कामट्या आणि जर्मन हीटिंग

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की इथे जर्मनीत भाड्याच्या इमारतींच्या जिन्याखाली, पत्रपेट्यांच्या वर एक कागद चिकटवलेला दिसतो. जिन्यात झाड टेकवून ठेवू नये. दारावर हिरवी माळ चालेल, मेणबत्ती नाही. बाल्कनीच्या कठड्याबाहेर काही लोंबता कामा नये. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर मालकाची लेखी परवानगी हवी. लुकलुकणारे दिवे रात्री दहाला बंद. वेंगुर्ल्यापासून मालवणापर्यंत पन्हळीला, आंब्याच्या फांदीला आणि वेळप्रसंगी विजेच्या खांबाला टांगलेले तारे बघत वाढलेल्या माणसाचं हे वाचून डोकं फिरतं. जिन्याचा नियम मात्र बिनतोड आहे. बहुतेक जुन्या इमारतींना एकच जिना असतो आणि आग लागली तर सगळ्यांना त्याच वाटेनं उतरायचं असतं. बाकीच्या नियमांबद्दल बोलायचं झालं तर तारा कठड्याच्या आत टांगूनही रस्त्यावरून दिसतो. तो कसा करायचा, ते पुढे.

दुसरा ठरलेला बॉम्ब गावाकडून येतो: "जिता झाड कित्याक तोडतास?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर दरवर्षी फोनवर देण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं.

इथल्या घरात येणारं झाड जंगलातलं नसतं. आपल्याकडे काजूची बाग लावतात तशी ही शेतात ओळीनं लावलेली असतात. सगळ्यात जास्त खपते ती नॉर्डमान जात. तिचं बरंचसं बियाणं जॉर्जियाच्या डोंगरातून येतं, आंब्रोलाउरीच्या आसपासच्या जंगलांतून. माणसाच्या उंचीचं झाड व्हायला ८ ते १२ वर्षं लागतात, आणि तोडलेल्याच्या जागी नवीन रोप लागतं. शेती म्हटली की खतं आणि तणनाशकं आली, हेही खरं. पण प्लॅस्टिकचं झाड घेतलं तर ते बरीच वर्षं वापरलं तरच परवडतं, आणि मुलांना दुसऱ्या वर्षी त्याचा कंटाळा येतो. एवढं समर्थन पुरे.

विकत घेताना आधी खोलीची उंची मोजावी. नव्या इमारतींत ती जेमतेम अडीच मीटर असते. त्यातून झाड उभं करायच्या बैठकीचे (स्टँडचे) १५-२० सेंटीमीटर आणि शेंड्यावरच्या ताऱ्याचे २० वजा करायचे, म्हणजे दोन मीटरच्या वरचं झाड घेण्यात अर्थ नाही. नॉर्डमानच्या सुया चपट्या आणि मऊ असतात, गरम खोलीत तीन-चार आठवडे टिकतात, पण तिला वास जवळजवळ नाही. साधा लाल स्प्रूस स्वस्त असतो, घरभर दरवळतो आणि आठवड्याभरात सतरंजीवर उतरतो. निळा स्प्रूस या दोघांच्या मधला. तो इतका टोचतो की हातमोजे घालून सजवावा लागतो.

झाड जाळीत गुंडाळून मिळतं. गारठ्यातून एकदम २१ अंशांच्या खोलीत आणलं तर ते लवकर सुकतं, म्हणून एक-दोन दिवस तळघरात किंवा बाल्कनीत बादलीभर पाण्यात उभं करायचं. आत आणण्याआधी बुंध्याची दोन सेंटीमीटरची चकती करवतीनं कापून टाकायची, कारण जुन्या कापावर डिंक बसलेला असतो आणि त्यातून पाणी चढत नाही. इथे हमखास होणारी चूक अशी की बुंधा बैठकीत बसत नाही म्हणून लोक सुरीनं साल तासतात. पाणी चढतं ते सालीच्या लगतच्या लाकडातून. तेच तासून काढलं तर बैठकीत दोन लिटर पाणी ठेवूनही झाड तहानलेलं राहतं. त्यापेक्षा मोठी बैठक घ्यावी.

बैठकीला पायानं दाबायचा खटका असतो. तो दाबत गेलं की आतली तार ताणली जाते आणि सगळे पंजे एकाच वेळी बुंध्याला आवळतात. कामाला तिघं लागतात: एकानं झाड धरायचं, एकानं खटका दाबायचा आणि एकानं दारातून बघत "डावीकडे, अजून डावीकडे" असं सांगायचं. हे तिसरं काम घरातल्या वडीलधाऱ्यांचं. पहिले काही दिवस झाड रोज लिटर-दीड लिटर पाणी पितं. पाणी कापाच्या खाली गेलं की पुन्हा डिंक बसतो आणि मग कितीही ओता. साखर, ॲस्पिरिन वगैरे घालणारे लोक आहेत, पण साधं पाणी पुरतं. जाळी आदल्या रात्री काढावी म्हणजे फांद्या सकाळपर्यंत आपल्या वजनानं खाली येतात. दिवे सगळ्यात आधी, खोडापासून टोकाकडे आणि परत खोडाकडे असे गुंफत, दोन मीटरला साधारण दोनशे. जड काचेचे गोळे खाली, खोडाजवळ, हलके टोकाला. खोली तापवणाऱ्या रेडिएटरपासून झाड निदान एक मीटर लांब हवं.

आता तारा. या बाबतीत जर्मनांचं कौतुक करायलाच हवं. सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावचा प्रसिद्ध तारा २५ टोकांचा असतो: १७ चौकोनी पायाची, ८ त्रिकोणी पायाची. सव्वीसावी जागा दिवा आत घालायला मोकळी. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या निस्की गावातल्या वसतिगृहात मुलांना भूमिती शिकवताना तो जन्माला आला, आणि मुलांनी तो घरोघरी नेला. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २०२५ साली ३० नोव्हेंबरला, कुटुंबानं टेबलाभोवती बसून तो जोडायचा अशी तिथली रीत. त्याच्या आधीचा रविवार मृतांच्या स्मरणाचा असतो, म्हणून तोवर बरेच लोक दिवा लावत नाहीत. या संयमाला सलाम. आपल्याकडे आकाशकंदील उतरवायच्या आत तारा चढतो.

पण हेर्नहूटचा तारा तयार टोकं विकत आणून जोडतात. कोकणातला तारा बांबूपासून सुरू होतो, आणि या एका बाबतीत आम्ही हट्टानं आपलाच करतो.

दहा कामट्या, प्रत्येकी ७५ सेंटीमीटर लांब, एक सेंटीमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड. शिवाय १५ सेंटीमीटरच्या पाच जाड काड्या. गावाला माणगा नावाचा बांबू मिळतो, ओला असतो, कोयत्यानं सरळ फाटतो. इथे बागसामानाच्या दुकानात टोमॅटोला आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या मिळतात. त्या इतक्या वाळलेल्या असतात की फाडताना चीर वाकडी जाते. रात्रभर टबात बुडवून ठेवल्या तर वठणीवर येतात. पाइनच्या पट्ट्या वापरण्याचा मोह टाळावा, त्या वाकत नाहीत, मोडतात.

प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २८.६५ सेंटीमीटरवर खूण करायची. लांबीला ०.३८२ नं गुणलं की हे अंतर येतं, त्यामुळे तारा कोणत्याही मापाचा असला तरी हिशेब तोच. पाच कामट्या एकीवरून-दुसरीखालून विणत पंचकोनी ताऱ्यात बसवल्या की या खुणा बरोबर एकमेकींवर येतात. येत नसतील तर टोकं नीट जुळलेली नाहीत. दोरा आवळण्याआधीच दुरुस्त करावं, नंतर तारा एका पायानं लंगडाच राहतो. असे दोन तारे करून एकावर एक ठेवायचे आणि फक्त पाच टोकं बांधायची. मग आतल्या पाच छेदांच्या जागी पुढच्या-मागच्या कामट्यांमध्ये एकेक काडी उभी ठोकून बसवायची. कामट्या कमानीसारख्या फुगतात आणि चपटा तारा भरीव दिसायला लागतो. पहिली काडी बसवली की समोरच्या बाजूची बसवावी, शेजारची नव्हे, नाहीतर सगळा ताण एकीकडे येऊन कामटी तडकते. कामट्या कोरड्या वाटत असतील तर काड्या १५ ऐवजी १२ सेंटीमीटरच्या घ्याव्यात.

कागदाचे तुकडे २१. पुढच्या बाजूला पाच पाकळ्या आणि एक पंचकोन, मागे पाच पाकळ्या, कडांचे दहा निमुळते त्रिकोण. मागचा पंचकोन उघडा ठेवायचा, दिव्याची जागा आणि उष्णतेची वाट तीच. पाकळीचा त्रिकोण म्हणजे १७.७ सेंटीमीटरचा पाया आणि २८.६५ च्या दोन बाजू. सगळीकडे दीड सेंटीमीटर दुमडपट्टी. कडांचे त्रिकोण आधी, पाकळ्या नंतर, म्हणजे जोड झाकले जातात. खळ मैद्याची. गावाला तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात म्हणजे झुरळं कागद कुरतडत नाहीत; मोरचूद विषारी असतं, लहान मुलांना त्या वाटीपासून दूर ठेवावं. इथे झुरळांचा प्रश्न नाही. वॉलपेपर चिकटवायची भुकटी पाण्यात कालवली की काम होतं.

खरी गंमत पुढे आहे. इथे हिवाळ्यात हीटिंग लावलेल्या खोलीतली आर्द्रता ३०-४० टक्क्यांपर्यंत उतरते. कागद आकसतो. चिकटवताना तो तंग ओढला तर एखाद्या रात्री मधोमध टर्रकन फाटतो, म्हणून किंचित सैल लावायचा. दोन दिवसांत तो आपोआप ताणला जातो. कोकणात नेमकं उलटं. डिसेंबरच्या रात्री दव पडतं, कागद फुगून पोटं काढतो, खळ भिजते. तिथे कागद चिकटवण्याआधी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. तो वाळताना ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला जातो आणि दवानं थोडा सैलावला तरी दिसत नाही. हे काम दुपारी करावं, संध्याकाळी नको. तारा उघड्यावर नको, वळचणीखाली हवा. उघड्यावरच टांगायचा असेल तर पतंगी कागदाऐवजी रंगीत जिलेटिन वापरावा. त्याला खळ धरत नाही, रबरी डिंक किंवा चिकटपट्टी लागते. टांगायला तार नको, खाऱ्या वाऱ्यावर एका मोसमात गंजते. नायलॉनची दोरी घ्यावी, आणि ती दोन टोकांना बांधावी, म्हणजे दुपारच्या वाऱ्यावर तारा गरगरत नाही.

दिवा तीन ते पाच वॉटचा एलईडी. जुना ४० वॉटचा बल्ब कागदाला भाजून काढतो. दोन्हीकडे वीज २३० व्होल्टच, त्यामुळे सुट्टीहून परतताना लोक बॅगेत गावची तोरणं आणतात. आणू नयेत. आपली दोन पिनांची वायर इथल्या सॉकेटात सैल बसते, आणि सैल पिन तापते. बाल्कनीसाठी डब्यावर आयपी ४४ लिहिलेली माळ घ्यावी; आयपी २० म्हणजे फक्त घरात. रात्री दहाला बंद करायला टायमर लावला की त्या कागदाचंही समाधान.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या बाबतीत इथली माणसं आपल्यापेक्षा सढळ हातानं पैसे खर्च करतात, लाकडी कोरीव मूर्ती वर्षाला एक-दोन करत जमवतात. पण त्यांच्या गोठ्यात हिरवं शेत नसतं. नाचणी रात्रभर भिजवून, ताटात दोन-तीन सेंटीमीटर माती पसरून १३-१४ डिसेंबरला पेरावी, पहिले दोन दिवस झाकावी. गावाला चोवीस तारखेपर्यंत बोटभर हिरवळ होते. इथे डिसेंबरात ऊन जेमतेम, त्यामुळे कोंब उंच, पिवळे आणि आडवे पडणारे निघतात. ताट दक्षिणेच्या खिडकीत ठेवावं, खालच्या रेडिएटरचा कान पिळून तो मंद करावा, नाहीतर नाचणीऐवजी गहू पेरावा, तो दांडगा असतो. याच घराण्यातली इथली एक सुंदर रीत आहे: ४ डिसेंबरला संत बार्बराच्या दिवशी चेरीच्या फांद्या कापून कोमट पाण्यात ठेवायच्या, नाताळपर्यंत त्या फुलतात. पाणी तीन-चार दिवसांनी बदलावं लागतं.

टेबलावरचं चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं बहुतेकांनी फोटोत पाहिलं असेल. हॅम्बुर्गच्या योहान हिनरिश विषर्न यांनी १८३९ मध्ये निराधार मुलांसाठी गाडीच्या चाकावर २४ मेणबत्त्या लावल्या, त्याचंच हे छोटं रूप. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. चौथ्या रविवारी चारही पेटतात तेव्हा डहाळ्या महिनाभर वाळलेल्या असतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात खोली सोडताना फुंकर विसरू नये.

गावाकडून विचारणा होते की तिकडचं झाड इकडे जगेल का. नॉर्डमान कोकणात जगणार नाही, नादी लागू नये. रोपवाटिकेत ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत विकतात तो आरोकेरिया खारा वारा सोसतो, किनाऱ्यावर चांगला वाढतो, आणि तोडावाही लागत नाही. सुरूची फांदी ही आपली जुनी सोय, पण किनाऱ्यावरचं सुरूचं बन वाळू आणि वारा अडवायला लावलेलं असतं. तिथे कोयता घेऊन जाऊ नये, स्वतःच्या किंवा ओळखीच्या बागेतली घ्यावी. ती २२-२३ तारखेच्या आधी आणू नये. बादलीत खाली चिरे, वर ओली वाळू, आणि रोज तांब्याभर पाणी.

६ जानेवारीनंतर इथे झाडं रस्त्याकडेला किंवा ठरलेल्या जागी ठेवायची, नगरपालिका उचलते. एक चंदेरी झिरमिळी राहिली तरी झाड तसंच पडून राहू शकतं, कारण त्याचा भुगा होऊन खत व्हायचं असतं. प्राणिसंग्रहालयातले हत्ती ही झाडं खातात ते व्हिडिओ खरे आहेत, पण ती न विकली गेलेली झाडं असतात, घरातून गेलेली नव्हेत. ताऱ्याचा कागद दरवर्षी फाडून टाकावा आणि पाच काड्या काढून सांगाडा चपटा करावा. कमानीतच ठेवला तर कामट्यांना कायमचा बाक येतो. गावाला माळ्यावर, इथे तळघरात, भिंतीपासून जरा लांब. तळघराच्या भिंती ओल सोडतात आणि बांबूला बुरशी धरते.