मावशीच्या गादीतले ढेकूण

"कुणाला बोलू नकोस हं, नाहीतर माझी खोली बदलतील."

वृद्धाश्रमात मावशीची चादर बदलताना गादीच्या शिवणीत बारीक काळे डाग दिसले, तेव्हा ती हळूच म्हणाली. ढेकूण!

चावल्याचं तिला कळलंही नव्हतं. वय झालेल्या अनेकांच्या अंगावर चाव्याच्या खुणा उठतच नाहीत. मग तक्रार येईपर्यंत थांबायचं कसं? गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, व्हीलचेअरची बैठक कुणीतरी नेमाने तपासायलाच हवी.

"मागेच फवारणी केली होती," असं उत्तर मिळालं. एकदाच! फवारणीतून अंडी बऱ्याचदा वाचतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात. दुसरी फेरी लागतेच. त्यातून दम्याची माणसं असतील तर औषधाआधी त्यांना खोलीबाहेर न्यायला हवं. कपडे कडक गरम पाण्यात धुणं, गादीला वाफ देणं, भेगा बुजवणं हे त्यांच्यासाठी कितीतरी सुरक्षित.

पण मला टोचतंय ते मावशीचं घाबरणं. ढेकूण स्वच्छ खोलीतही येतात, सामानातून, आपल्यासारख्या भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्यांतूनसुद्धा. तरी लाज तिनेच का बाळगायची?

तुमचं कुणी अशा ठिकाणी राहत असेल, तर पुढच्या भेटीत गादीचा कोपरा उचलून बघाल का?