रोबोची ४०० वर्षं

मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. सौदे उरकून, शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहून घरी आलो की लॅपटॉपवर क्रोनो ट्रिगर लावतो, काळात मागंपुढं फिरायचा जपानी व्हिडिओ गेम. सांगलीत माझ्याकडे शिकायला असलेला भाचा शेजारी असतोच.

गेम मूळचा १९९५चा, सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेमयंत्रावरचा. पात्रं 'ड्रॅगन बॉल'वाल्या अकिरा तोरियामांची. १९९९ला प्लेस्टेशनवर आला तेव्हा त्यात ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टूनपटाचे, प्रसंग घातले. भाच्याचा जीव त्यातच. मलाही ते आवडतात, पण मला हलवून सोडलं ते साध्या ठिपक्यांच्या चित्रांतल्या एका प्रसंगानं.

इसवी सन ६००. जंगल जाऊन वाळवंट झालंय आणि फिओना नावाची बाई तिथं झाडं जगवायला धडपडतेय. वाळूखालचा राक्षस आपण मारतो, पण तेवढ्यानं जंगल थोडंच उगवतं? त्याला शतकं लागणार. मग आपल्या सोबतचा यंत्रमानव रोबो म्हणतो, मी थांबतो. आपण कालयानात बसून थेट १००० साली उतरतो. सगळीकडं हिरवंगार, आणि त्या जंगलातल्या देवळात गंजलेला रोबो मांडून ठेवलेला.

भाचा म्हणाला, "मामा, मधी ह्याला कुणी भेटायला गेलंच नाही व्हय?"

"कोण जाणार? आपण एका दमात पुढं आलो की."

मी जतचा. म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या कितीतरी आधी वडिलांनी बांधावर लिंबं लावली आणि उन्हाळाभर घागरीनं पाणी घालून जगवली. म्हणून रोबोचं ते थांबणं मला फार मोठं वाटतं. लढाया तर सगळेच गेम देतात.

आपल्या सोबतची, यंत्रं जाणणारी ल्युका रोबोला दुरुस्त करते. रात्री सगळे शेकोटीभोवती बसतात, झोपतात. तिला एकटीला जाग येते आणि ती लहानपणच्या त्या दिवशी पोचते, ज्या दिवशी यंत्रात सापडून आईचे पाय गेले. यंत्र थांबवायचा संकेत म्हणजे आईचं नाव, लारा. मूळ गेममध्ये तो कंट्रोलरच्या बटणांनीच द्यायचा: एल, ए, आर, ए. वेळ अगदी थोडा. आईचे पाय वाचवणं खेळणाऱ्याच्या बोटांवर सोपवलंय, हे मला ॲनिमेच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा भारी वाटतं.

हे सगळं टाळूनही गेम संपवता येतो. तुम्ही टाळू नका. कालयान उडायला लागलं की लावोस या शेवटच्या राक्षसाकडं धावायच्या आधी ६०० सालच्या त्या वाळवंटात जा, आणि रोबोला सोबत न्या.