बालसंगोपनाची फाइल नेमकी कुठे अडते

नवरा गेल्यावर पदरात दोन लेकरे असलेली बाई "धाकट्याला बोर्डिंगात टाकू का" असे विचारायला लागते, तेव्हा तिच्या डोक्यात बहुतेक वेळा किराणा आणि शाळेचा खर्च असतो. मूल लांब पाठवायची हौस कुणालाच नसते. अशा घरांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना बरीच वर्षे चालू आहे. आता तिचे पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. मूल संस्थेत न जाता घरीच, आईजवळ, आजीजवळ किंवा काका-मामाकडे वाढावे म्हणून १८ वर्षांपर्यंत दरमहा थेट खात्यात पैसे येतात. पूर्वी ही रक्कम ४२५ रुपये होती, २०२१ मध्ये ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० आहे. स्वयंसेवी संस्थेमार्फत योजना चालत असेल तर त्या संस्थेला दर मुलामागे २५० रुपये वेगळे मिळतात. ते मुलाच्या रकमेतून कापायचे नसतात. कुणी कापत असेल तर तिथेच हटकावे.

हे लिखाण अंगणवाडी ताई, शिक्षक, आशा, बचतगटाच्या अध्यक्षा यांच्यासाठी आहे, म्हणजे गावात ज्यांच्याकडे अशी बाई पहिल्यांदा येते त्यांच्यासाठी. अपात्र म्हणून नाकारलेले अर्ज थोडे असतात. "त्रुटी" असा शेरा मारून महिनोन्महिने पडून राहिलेले जास्त असतात, आणि त्यातल्या बहुतेक त्रुटी अर्ज देण्याआधी घरच्या ओट्यावर बसून काढता येतात.

आधी पात्रता, थोडक्यात. दोन्ही पालक नसलेली मुले, एकच पालक असलेली मुले (मृत्यू, घटस्फोट, सोडून जाणे यांपैकी काहीही), पालक तुरुंगात असलेली, पालकांना एचआयव्ही, कर्करोग, कुष्ठरोग यांसारखा आजार असलेली, स्वतः तीव्र दिव्यांग असलेली, अशी ही यादी आहे. "फक्त अनाथांसाठी आहे" हा समज इतका घट्ट बसला आहे की कित्येक एकल माता कार्यालयाची पायरीच चढत नाहीत. नवरा सोडून गेला असेल तर मृत्यूचा दाखला नसणार हे उघड आहे. बेपत्ता माणसाला कायद्याने मृत धरायला सात वर्षे लागतात, पण इथे तो मृत ठरायची गरजच नाही. मुलाला एकच पालक सांभाळतो आहे, एवढे दिसले पाहिजे. त्यासाठी पोलिसांतली हरवल्याची नोंद असेल तर ती, पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला चालू असेल तर त्याचे कागद, नाहीच काही तर आईचे स्वयंघोषणापत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा. शेवटी बाल कल्याण समिती चौकशी करून ठरवते.

कागद असे: अर्ज, मुलाचे आणि पालकाचे आधार, शाळेचे बोनाफाइड, मृत पालकाचा मृत्यू दाखला (किंवा वर सांगितलेले पुरावे), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, मुलाचे व पालकाचे पासपोर्ट फोटो आणि मूल व पालक घरासमोर उभे असलेला एक मोठा फोटो. आजाराच्या कारणावरून अर्ज असेल तर सरकारी रुग्णालयाचे कागद. दोन भावंडे असतील तर दोन वेगळ्या फायली करायच्या. एकाच फाइलमध्ये दोघांचे कागद टोचले की दुसऱ्याचे नाव नोंदलेच जात नाही आणि ते कळायला सहा महिने जातात.

आता खरी अडचण: नावे. मुलाच्या आधारवर "दत्तात्रय", शाळेच्या जनरल रजिस्टरात "दत्ता". आईच्या आधारवर माहेरचे आडनाव, रेशनकार्डावर सासरचे, नवऱ्याच्या मृत्यू दाखल्यात पत्नीच्या रकान्यात तिसरेच, कारण ते दुःखाच्या दिवसांत दिराने सांगितले आणि ग्रामसेवकाने लिहून घेतले. टेबलावरचा लिपिक हे कागद शेजारी-शेजारी ठेवतो आणि फाइल परत पाठवतो. त्याचे फारसे चुकतही नाही, कारण पैसे शेवटी आधारवरच्या नावानेच जाणार असतात. म्हणून पहिल्या दिवशी वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख. प्रत्येक कागदावर काय लिहिले आहे ते जसेच्या तसे, वेलांटीसकट, उतरवा. कुठे काय जुळत नाही ते पाच मिनिटांत दिसते.

मग दुरुस्ती कोणती करायची हे ठरवा, कारण सगळेच दुरुस्त करायला गेलात तर वर्ष जाईल. जन्मतारीख चुकीची असेल तर जन्मदाखला धरून आधार सुधारा. ही दुरुस्ती टाळून चालत नाही. आईचे आडनाव वेगळे असेल तर "अमुक आणि तमुक या नावांची व्यक्ती एकच" असे स्वयंघोषणापत्र आणि सरपंच किंवा नगरसेवकाचा रहिवासी दाखला यावर बहुतेक ठिकाणी भागते. साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र पुरेसे असते. स्टॅम्पपेपर, नोटरी हा खर्च कार्यालयाने लेखी मागितल्याशिवाय करू नका. वडिलांचे नाव मृत्यू दाखल्यावर आणि मुलाच्या शाळेत वेगवेगळे असेल तर मात्र शाळेकडे आधी जा. मुख्याध्यापकांनी बोनाफाइडवर रजिस्टरातले पूर्ण नाव लिहून दिले की निम्मे काम होते. बोनाफाइडवर हाताने खाडाखोड केलेली असेल तर तिथल्या तिथे नवे मागा, नंतर शाळेला सुट्ट्या लागतात.

मृत्यू दाखलाच काढलेला नसेल तर तो लगेच काढा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतरही ती होते, पण जितका उशीर तितक्या वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर नोंद त्या गावाच्या किंवा शहराच्या हद्दीत असते, स्वतःच्या गावात नाही. जिल्हा रुग्णालयात माणूस गेला आणि घरचे ग्रामपंचायतीत खेटे घालतायत, हे दृश्य फार कॉमन आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज होतो, तलाठ्याचा अहवाल लागतो. दाखल्यावर मुदत छापलेली असते, ती बघूनच जोडा. मार्चच्या शेवटी काढलेला दाखला एप्रिलमध्ये शिळा झालेला असू शकतो.

बँकेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण मंजुरी मिळूनही पैसे न येण्याचे कारण इथेच असते. नुसते खाते असून भागत नाही. थेट लाभाचे पैसे ज्या बँकेशी आधार जोडलेले आहे तिथे जातात, आणि ही जोडणी एका वेळी एकाच बँकेत चालू असते. आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे जोडणी झाली असे नाही. "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. तिथे कोणत्या बँकेचे नाव येते ते पाहून त्याच खात्याचे पासबुक अर्जाला जोडा. मुलाच्या आधारचे बायोमेट्रिक वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागते. ते राहिले असेल तर पडताळणी अडकते. आठवीत-नववीत पोचलेल्या मुलांचे हे हमखास राहिलेले असते.

आजी-आजोबांकडे असलेल्या मुलांचा प्रश्न अवघड आहे. खात्यावर पालक म्हणून बँक आई किंवा वडिलांनाच धरते. आई पुनर्विवाह करून गेली असेल तर आजीला "कोर्टाचा कागद आणा" म्हणून परत पाठवतात. मूल दहा वर्षांचे झाले असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्याला स्वतः चालवायचे बचत खाते उघडता येते, आणि बऱ्याच शाखांत हाच सरळ मार्ग ठरतो. त्याहून लहान असेल तर समितीसमोर तोंडी सांगून ठेवा की आदेशात सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि नाते स्पष्ट लिहावे. तो आदेश घेऊन शाखा व्यवस्थापकाला भेटा. काउंटरवर वाद घालून उपयोग होत नाही.

फाइल जाते जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे किंवा त्यांच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. काही ठिकाणी तालुक्याला नेमलेली संस्था अर्ज घेते. कुठेही द्या, पण पोच घ्याच: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज हरवला की तो कधी दिलाच नव्हता असे होते. अर्जाला कुठलीही फी नाही. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात "पाचशे द्या, काम होऊन जाईल" म्हणणारा माणूस तुमच्यासारखाच अर्ज नेऊन देतो, आणखी काही करत नाही.

यानंतर गृहभेट. समाजसेवक किंवा संरक्षण अधिकारी घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहितात. घरच्यांना आधी सांगून ठेवा की घर नीटनेटके दाखवायची ही परीक्षा नाही. पाहुणे येणार म्हणून शेजारचा टीव्ही आणून ठेवलेली घरे असतात आणि अहवालात मग "परिस्थिती बरी" असे उमटते. जे आहे ते दिसू द्यावे. मूल शाळेत जाते का, रात्री कुणाजवळ झोपते, आई कामावर गेल्यावर कोण बघते, दारूचा त्रास आहे का, हे विचारले जाते. मुलालाही विचारतात. त्याला पाठांतर करून घेऊ नका.

अहवालानंतर बाल कल्याण समिती. अध्यक्ष आणि चार सदस्य, निदान एक महिला असतेच. बाल न्याय कायद्याने या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत, म्हणून आदेश तिचाच लागतो. कायद्यात महिन्याला किमान २० दिवस बैठक सांगितली आहे. प्रत्यक्षात निघण्याआधी फोन करून विचारलेले बरे, नाहीतर धडगाव किंवा एटापल्लीहून आलेल्या बाईची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही जाते. मुलाला सोबत न्यावे लागते, शाळेची सुट्टी धरून तारीख मागता येते. मूळ कागद न्यावेत, झेरॉक्स वेगळ्या.

मोबाइलवर फिरणारा "एकल पालकांच्या मुलांना महिना चार हजार" हा निरोप पूर्ण खोटा नाही, पूर्ण खराही नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची वेगळी तरतूद आहे, दरमहा ४००० रुपयांची. पण तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे (ग्रामीण भागात ७२,०००, शहरी भागात ९६,०००) आणि जिल्ह्याला निधी येईल तेवढ्याच मुलांना ती मिळते. दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत. माझे मत: बालसंगोपनाचा अर्ज थांबवून चार हजारांची वाट बघत बसू नये. अर्ज देतानाच "प्रायोजकत्वासाठीही विचार व्हावा" असे लेखी लिहावे आणि निर्णय समितीवर सोडावा.

याच कागदांवर तहसील कार्यालयातल्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत आणखी दोन कामे होतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २०,००० रुपये एकदाच मिळतात. विधवा आईला स्वतःसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. ही मदत तिची, बालसंगोपन मुलाचे. एक घेतली म्हणून दुसरे बंद, असे सांगणारा भेटला तर त्याला शासन निर्णय दाखवायला सांगा.

मंजुरीनंतर पैसे दर महिन्याला येतील अशी अपेक्षा ठेवू नका. अनुदान जिल्ह्याला आले की सहा महिन्यांचे १३,५०० एकदम पडतात, मग पुन्हा शांतता. या रकमेच्या भरवशावर बचतगटाचा हप्ता ठरवलेल्या बायका अडचणीत येतात. त्यापेक्षा पैसे आले की वर्षाची वह्या-पुस्तके, गणवेश आणि पावसाळ्याआधीचे धान्य उरकून घेणे बरे.

दरवर्षी नूतनीकरण लागते. जूनमध्ये शाळा उघडली की नवे बोनाफाइड आणि पासबुकची अद्ययावत नोंद नेऊन द्यायची, पोच घ्यायची. लाभ मधेच तुटण्याचे मोठे कारण स्थलांतर. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या घरातले मूल हजेरीत "सतत गैरहजर" होते आणि गृहभेटीला दाराला कुलूप दिसते. निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे, कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून मुलाला बसवावे आणि परतल्यावर तिथली हजेरी आणून जोडावी. त्याहून चांगले म्हणजे मूल हंगामात गावीच आजीकडे ठेवावे आणि हे बाल संरक्षण कक्षाला एका ओळीच्या अर्जाने कळवावे.

पोच हातात असून चार-सहा महिने काहीच हालले नाही, तर भांडायला जाऊ नका. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. "माझ्या मुलाला लाभ का मिळाला नाही" असे विचारले की गोलमोल उत्तर येते. त्याऐवजी असे लिहा: "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही, गृहभेटीची तारीख, सामाजिक तपासणी अहवालाची प्रत, समितीपुढे प्रकरण ठेवल्याची तारीख आणि सध्या फाइल कोणत्या टेबलावर आहे त्या पदाचे नाव द्यावे." ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर यायच्या आधीच गृहभेट होऊन जाते, असाही अनुभव बऱ्याच तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांना आहे.