पोट न उघडता

दारूमुळे स्वादुपिंडाला सूज येऊन माझ्या त्या रुग्णाला चौथा आठवडा लागला होता. स्वादुपिंडाचा बराच भाग सडलेला. त्या सकाळच्या सीटी स्कॅनमध्ये सडक्या भागात हवेचे बुडबुडे दिसले, म्हणजे जंतुसंसर्ग झालाच. लघवीही कमी होत चालली होती. आयसीयूच्या दाराशी थोरल्या भावाने मला गाठलं. "साहेब, आत पू झालाय म्हणता, मग पोट फाडून काढून का टाकत नाही? पैशाचं आम्ही बघतो."

प्रश्न रास्त होता. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही तेच करायचो. पोट उघडायचं, मेलेला भाग हाताने काढायचा. आधीच खचलेल्या शरीराला तो घाव झेपत नसे. रक्तस्राव व्हायचा, आतड्याला भोक पडायचं, जे वाचत त्यांना पुढे हर्निया.

नेदरलँड्समधल्या सर्जननी ही रूढ पद्धतच पारखून घेतली. 19 रुग्णालयांतले 88 रुग्ण. काहींचं पोट उघडलं, काहींना आधी फक्त पू बाहेर काढणारी नळी आणि गरज पडली तरच पुढची पायरी. कोणाला काय, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. निकाल 2010 मध्ये छापून आला. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात 69 टक्के, दुसऱ्यात 40. दुसऱ्या गटातल्या 35 टक्क्यांचं तर नळीवरच भागलं. नुसते मृत्यू मोजले तर मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. हेही मी भावाला सांगितलं. नळी म्हणजे हमी नव्हे, हे नातेवाइकांना कळायलाच हवं.

तो तयार झाला. दुपारी रेडिओलॉजिस्टनी डाव्या कुशीतून, पाठीच्या अंगाने पिगटेल, म्हणजे टोकाला वळलेली बारीक नळी, घातली. वाट मुद्दाम ती निवडलेली, कारण पुढे लागलंच तर त्याच नळीच्या मागाने आत जाता येतं. तपकिरी पू उतरला, रात्री रक्तदाब सावरला.

काही दिवसांनी ताप पुन्हा चढला. मग कुशीत पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन कॅमेरा आत घातला. राखाडी, चिकट तुकडे. सुटे होऊन येतील तेवढेच काढायचे, ओढावं लागेल ते तिथंच सोडायचं. समोर दिसणारी घाण ठेवून बाहेर यायला हात तयार होत नाही. पण ओढलं तर मागची रक्तवाहिनी फाटते. अर्ध्याहून कमी निघालं असेल, तरी मी थांबलो. उरलेलं सलाइनच्या धुण्याने हळूहळू बाहेर आलं.

तो घरी गेला. त्या अभ्यासात पोट उघडलेल्यांपैकी 38 टक्क्यांना नव्याने मधुमेह झाला होता, दुसऱ्या गटात 16 टक्क्यांना. म्हणून दर ओपीडीला त्याची साखर मी स्वतः बघतो. अजून तरी ठीक आहे. दारूचं मात्र त्याच्या बायकोला विचारतो.