ठकीच्या छातीवरचा केशरी डाग

आमची मांजर ठकी पांढरीशुभ्र आहे म्हणून तो डाग दिसला तरी, काळी असती तर कळलंच नसतं. वाढदिवसाला कोणीतरी लिलीचा बुके दिलेला, मी फुलदाणीत पाणी घालून टेबलावर ठेवला आणि कामाला लागले. रात्री साडेनवाला ठकी मांडीवर येऊन बसली तेव्हा छातीवर बोटभर केशरी डाग, हात लावला तर बोटाला पावडर लागली. फुलाच्या मधे ते लांब तुरे असतात ना, त्यांचे पराग. मी रुमालाने थोडंफार पुसलं आणि विसरले. ती मात्र नंतर पंधरा वीस मिनिटं तिथेच बसून छाती चाटत होती, आधी जीभ, मग पंजा ओला करून तोंडावरून, परत छाती. मी शेजारी बसून बघत होते.

रात्री दोनदा उलटी झाली, लाळ गळत होती, मग ती पलंगाखाली जाऊन बसली ती बाहेरच येईना. सकाळी मात्र स्वतःहून आली, पायात घुटमळली. आई म्हणाली अगं केस अडकले असतील पोटात, झालं मोकळं, बघ बरी झाली की. मलाही पटलं खरं तर. पण खाणं समोर ठेवलं तर तिने वास घेतला आणि मान वळवली आणि अंग चोरून बसली, आणि ठकी खाण्याकडे पाठ फिरवते हे मी कधी बघितलंच नव्हतं, म्हणून तसंच उचललं आणि व्हेटकडे गेलो.

डॉक्टरांनी हात लावायच्या आधी विचारलं, "काल घरात नवीन काय आलं? औषध, फवारणी, झाड, फूल?" मी फूल म्हटल्यावर त्यांनी मोबाईलवरचा वाढदिवसाचा फोटो झूम करून बघितला आणि लगेच सलाईन लावायला सांगितलं, रक्ताचे रिपोर्ट यायच्या आधीच. लिलीचं विष असंच फसवतं. पहिल्या काही तासांत उलटी, लाळ, सुस्ती, मग मांजर थोडं सावरल्यासारखं दिसतं, आणि त्याच वेळात आत किडनी खराब होत असते. 24 ते 72 तासांत किडनी बंद पडू शकते. 18 तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचायची शक्यता खूप चांगली, त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. आम्ही बारा तासांनी पोचलो होतो. तीन दिवस ती तिथे होती, पुढच्या पायाला पट्टी, रोज किडनीची टेस्ट, आणि रोज मी त्या सकाळचा विचार करत होते, तिने नेमकं थोडं खाल्लं असतं तर मी घरीच थांबले असते.

लिलीचं पान, देठ, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराला विषारी आहे. डे लिलीही तशीच. पीस लिली वेगळी, तिने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण किडनी जात नाही. पण दुकानात सगळ्यालाच लिली म्हणतात, त्यामुळे फोटो काढून ठेवायचा.

हे सगळं लिहायचं कारण असं की मी समजत होते विषबाधा म्हणजे मांजराने काहीतरी खाल्लं. मांजर खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असते, ती विष अनेकदा चाटते. अंगावर, पंजाला जे जे लागतं ते शेवटी पोटात जातं. फिनाईलने पुसलेली ओली फरशी, सांडलेलं इंजिन कूलंट (गाडीचं इंजिन थंड ठेवणारं द्रव), सुगंधी तेलं, सगळं. आणि माणसात, कुत्र्यात काही औषधं निकामी करणारं जे एन्झाइम असतं ते मांजराच्या लिव्हरमध्ये फारच कमी असतं, त्यामुळे आपल्याला साधी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी, मातकट होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ताप आलाय म्हणून प्रेमाने गोळीचा तुकडा देणारे लोक मी बघितलेत, कृपा करून देऊ नका.

पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे काही थेंब असतात, त्यात पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरावर टाकलं की काही तासांत कान फडफडायला लागतात, अंग थरथरतं, मग झटके. चुकून पडलंच तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवायचं, गरम पाणी नको, अंग थंडही पडू द्यायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून निघायचं. झटके सुरू असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, सरळ डॉक्टर.

आणि उलटी करवायची नाही! हे मी मोठ्याने सांगते कारण पहिला सल्ला सगळे हाच देतात. मिठाचं पाणी मांजराला स्वतःच विष आहे, हायड्रोजन पेरॉक्साईडने मांजराच्या पोटातून रक्तस्राव होतो, दूध तेल पाजून विष उतरत नाही आणि जबरदस्तीने ओतलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरी करायचं ते एवढंच की विषापासून तिला लांब करा, अंगावर काही असेल तर चाटायच्या आधी धुवा, निघताना व्हेटला फोन करा, आणि पाकीट, गोळ्यांची स्ट्रिप, फूल, जे असेल ते पिशवीत टाकून सोबत न्या. किती वाजता झालं ते लिहून ठेवा.

लक्षणांची वाट बघू नका. उंदराच्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठायचं थांबतं, पण मांजर दोन ते पाच दिवस अगदी नॉर्मल दिसते, मग एकदम धाप, फिकट हिरड्या. तेच वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के देऊन वाचवता येतं. कूलंट पोटात गेलं तर त्यावरचं औषध पहिल्या तीन तासांतच द्यावं लागतं, आणि तेव्हा मांजर फक्त दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात असते. म्हणून चाटताना बघितलं की तिथूनच घड्याळ सुरू झालं असं धरा. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर फोन वाटेत करा, आधी निघा.

ठकीच्या किडनीची टेस्ट आम्ही दर सहा महिन्यांनी करतो, मागच्या आठवड्यातली पण नॉर्मल आली. आत्ता खिडकीत बसून छातीच चाटतेय, मी हे लिहिता लिहिता दोनदा उठून बघून आले, पांढरीच आहे.