कुलाबा ते पायधुणी, घोड्यांच्या मागावर

"ट्रामच्या वाटेनं चालत जायचंय, येतोस?" मी मामाला फोनवर विचारलं.
"कुठल्या? मी बसायचो त्या?"
"नाही रे, त्याच्याही आधीच्या. घोड्यांच्या."

मामाचं वय ७९, जन्म गिरगावातल्या चाळीतला. रविवारी सकाळी साडेसहाला मी कुलाब्याला पोहोचले, तर तो इलेक्ट्रिक हाउससमोर टोपी घालून माझी वाट बघत उभा.

जागेचं नाव इलेक्ट्रिक हाउस, पण विजेच्या आधी इथे स्टर्न्स आणि किट्रिज या ट्राम कंपनीची कचेरी होती. ९ मे १८७४ रोजी त्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग दोन : एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे. पुढे ते दोन आण्यांवर आलं. काही ट्रामना एक घोडा, काहींना दोन. आणि कंपनीच्या तबेल्यात घोडे ९००.

कॉजवेवरून चालताना या आकड्यावरच आमचं अडलं. एक घोडा दिवसाला साधारण १५ किलो लीद टाकतो असं धरलं, तर रोज साडेतेरा टन. "ती झाली मागची बाजू," मामा म्हणाला, "पुढून किती जात असेल ते बघ!" चंदी, गवत, पाणी. शिवाय ३६०० नाला, आणि त्या दीडएक महिन्यानं काढून खूर तासून पुन्हा ठोकायच्या. नालबंद, मोतद्दार, गवताचे गाडे, लीद उचलणारे... ट्राम ओढायला घोडा आणि घोडा ओढायला अर्धं शहर. जुन्या मुंबईच्या फोटोंत रस्ते मोकळे दिसतात म्हणून आपण हळहळतो खरे, पण फोटोला वास नसतो.

रुळांचा फायदा मात्र खरा होता. खडीच्या रस्त्यापेक्षा लोखंडावर चाक फार हलकं फिरतं, त्यामुळे तोच घोडा कितीतरी जास्त माणसं ओढू शकतो. जीव जातो तो थांबलेली गाडी पुन्हा हलवताना. आणि ट्राम तर सारखी थांबणार. लंडन-न्यू यॉर्ककडे ट्रामचे घोडे चार-पाच वर्षांतच कामातून जायचे. इथे तर मे महिना.

काळा घोडा चौकात जरा टेकलो. गंमत बघा, १८७९ मध्ये इथे पुतळा बसला तो पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा. पैसे ससूनशेटचे, कारागिरी विलायतेची. लोकांनी चौकाला नाव दिलं ते घोड्याचं! १९६५ मध्ये स्वारासकट पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, तरी नाव हललं नाही. २०१७ मध्ये नवा घोडा आला, तो बिनस्वाराचा. मामानं त्याच्याकडे वर बघितलं. "देखणा आहे. पण हा ट्रामचा नव्हे. ट्रामच्या घोड्याची मान अशी वर राहील होय?"

पुढे हुतात्मा चौक. २०१७ मध्ये इथे खोदकामात ट्रामचे जुने रूळ निघाले होते. ते विजेच्या ट्रामचे, मामाच्या ओळखीचे. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. मामा त्या गर्दीत होता. ती गोष्ट त्यानं पूर्ण सांगितली, नेहमीसारखी, आणि मी ऐकली, नेहमीसारखी.

पण या खेपेला एक नवीन निघालं. लहानपणी कोकणातून बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरलं की आजी व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी, करायची. ट्रंका, फणस, पोरं सगळं आत. "घोड्याला झापडं असायची. मला वाटायचं, त्याला आम्ही किती जण चढलोय ते दिसू नये म्हणून!" पुढे व्हिक्टोरिया फक्त सहलीपुरत्या उरल्या. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं. निकाल योग्यच होता असं मी म्हणाले. मामा गप्प राहिला, मग म्हणाला, "घोडेवाल्यांचं काय झालं ते बघितलंस का कुठे?" मी नव्हतं बघितलं.

ट्राम निघाली त्याच १८७४ साली जनावरांवरची क्रूरता रोखणारी संस्थाही मुंबईत निघाली. पुढच्या दशकात परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावानं जनावरांचं इस्पितळ झालं, आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आज तिथे कुत्री-मांजरी घेऊन लोक रांगेत दिसतात. परळ मात्र आमच्या वाटेवर नव्हतं, आणि मामाचे गुडघेही आता बोलू लागले होते.

क्रॉफर्ड मार्केट ओलांडून अब्दुल रहमान स्ट्रीटमध्ये शिरलो. रविवार असूनही माल हलत होता. पायधुणीला मामा एका दुकानाच्या पायरीवर बसला आणि चपला काढल्या. खाडीचं पाणी तुडवून आलेले लोक इथे पाय धुवायचे, म्हणून हे नाव, असं सांगतात. आता पाणी म्हणजे बिसलेरीची बाटली. ती त्यानं अर्धी प्यायली, उरलेली पायांवर ओतली.

"बाजू, बाजू!" मागून आवाज आला. कापडाचे गठ्ठे माणसाच्या उंचीच्या वर रचलेली हातगाडी. पुढे एक जण दांडीत छाती घालून, मागे दुसरा ढकलत. मोटारसायकल आडवी आली म्हणून ती थांबली. मग पुढच्यानं अंगठे रोवले, मान खाली घातली, आणि गाडी हलवली. मामानं पाय आत घेतले.