सामायिक वंशवृक्षावर नव्या मंडळींचं स्वागत : सध्या कुठवर आलंय

यावेळी माझ्या स्वतःच्या शाखांचं सांगण्यासारखं काही नाही. पणजीच्या माहेरची बाजू होती तिथेच रुतून बसली आहे. हाताशी होता तो सगळा वेळ विकीट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर नव्याने येणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहण्यात गेला. तिथे या कामाला ‘ग्रीटर’ म्हणतात. कुणी नवं आलं की त्यांच्या पानावर दोन ओळी लिहायच्या, कुणाचा शोध चाललाय ते विचारायचं आणि सुरुवातीला हाकेच्या अंतरावर राहायचं.

ज्यांनी अजून हे झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रिस व्हिटन यांनी 2008 मध्ये विकीट्री सुरू केली. वापर मोफत आहे. झाड मात्र एकच, सगळ्यांचं मिळून. एका माणसाचं एकच प्रोफाइल आणि त्याला जन्माच्या आडनावावरून क्रमांक. मार्क ट्वेन तिथे टोपणनावाने सापडत नाहीत, ‘क्लेमेन्स-1’ म्हणून सापडतात. बायकांनाही हाच नियम, त्यामुळे माहेरचं आडनाव शोधल्याशिवाय गत्यंतर नाही (माझं घोडं अडलंय ते इथेच). तुमचे खापरपणजोबा माझेही निघाले, तर आपण दोघांनी वेगवेगळी पानं उघडायची नाहीत, एकाच पानावर दोघांनी खपायचं.

ऐकायला हे छान वाटतं. पण नवा माणूस बिथरतो तोही याच मुद्द्यावर.

पुरावे कसे जोडायचे, चरित्र कसं मांडायचं, हे सगळं हळूहळू जमतं. अवघड जातं ते आपल्या आजोबांच्या पानाला परक्याने हात लावलेला सहन करणं. कुणीतरी तिसऱ्या खंडातला माणूस येतो, जन्मसाल बदलतो, एक भाऊ जोडून जातो. आपल्याला वाटतं, हा कोण टिकोजी? बरीच चांगली माणसं याच क्षणी झाड सोडून जातात. म्हणून मी हल्ली हा विषय पहिल्याच ओळींमध्ये काढते: तुम्ही लिहिलेलं उद्या कुणीतरी बदलेल, जुनं काय होतं ते बदलांच्या यादीत राहतं, बदल मागे घेता येतो, आणि त्याआधी ‘हे कशावरून?’ असं विचारता येतं. गैरसमज होणारच, हे तिथल्या ऑनर कोडमध्येही (सदस्यांनी पाळायच्या आचारसंहितेत) गृहीत धरलेलं आहे. सही करताना तो मजकूर कुणी धड वाचत नाही, हा भाग वेगळा.

स्वागताचा नेहमीचा मजकूर लांबलचक आणि दुव्यांनी खच्चून भरलेला असतो. मी तो बाजूला ठेवून एकच विचारते: हयात नसलेलं असं एक माणूस सांगा, ज्याच्याबद्दल तुमच्याकडे एक तरी कागद आहे. हयात नसलेलं अशासाठी की जिवंत माणसांची प्रोफाइलं खाजगी राहतात, तिथे चारचौघांनी मिळून काम होत नाही. आणि कागद अशासाठी की आजी सांगायची तेवढ्यावर दुसऱ्याशी वाद घालता येत नाही, कागदावर घालता येतो. कागद कसलाही चालतो: मृत्यूचा दाखला, फोटोच्या पाठीवरची ओळ, शाळा सोडल्याचा दाखला. त्या एका माणसाचं पान दोघांनी मिळून पूर्ण केलं की बाकीचे नियम आपोआप समजतात.

याउलट टोक म्हणजे फाइल घेऊन येणारे. ‘माझ्याकडे चार हजार माणसं तयार आहेत, सगळी एकदम चढवतो.’ ही फाइल म्हणजे जेडकॉम. 1984 साली फॅमिलीसर्च या वंशावळीचं काम करणाऱ्या संस्थेने वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेता यावी म्हणून हा साचा काढला आणि आजही सगळी दुनिया त्यावरच चालते. ती फाइल साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये उघडून बघा, मजा येते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा असतो. शून्य म्हणजे नवा माणूस, एक म्हणजे त्याच्या आयुष्यातली घटना, दोन म्हणजे त्या घटनेची तारीख नाहीतर ठिकाण. रचना चोख आहे, पण आतली माहिती कुठून आली याची हमी त्यात नसते. चार हजारांतली निम्मी माणसं दुसऱ्या कुणाच्या झाडावरून उचललेली असतात आणि त्याने ती तिसऱ्याकडून. विकीट्रीवर अशी फाइल आधीच्या प्रोफाइलांशी ताडून बघायची सोय आहे, आणि ताडून एकेक माणूस घ्यायचा असतो. मी मात्र सांगते, फाइल तूर्त राहू द्या. आधी पाच माणसं हाताने भरा. पाच जणांची माहिती भरताना पुरावे शोधले की स्वतःच्याच फाइलकडे माणूस संशयाने बघायला लागतो, आणि तो संशय फार मोलाचा आहे.

आता एक उदाहरण जरा सविस्तर, कारण या वेळची मला सर्वांत आवडलेली भानगड हीच.

नव्याने आलेल्या एका बाईंना इंग्लंडमधल्या एकाच कुटुंबात दोन प्रोफाइलं सापडली. नाव तेच, आडनाव तेच, आईवडील तेच. एकाचा जन्म 1868, दुसऱ्याचा 1870. अर्थात डुप्लिकेट, असं समजून त्यांनी मर्जचा, म्हणजे दोन्ही पानं एक करण्याचा, प्रस्ताव टाकला. दोन वर्षांचा फरक तर जुन्या जनगणनांत नेहमीच दिसतो. वय अंदाजे सांगायचे, लिहिणारा ऐकेल तसं लिहायचा. मी म्हटलं, मर्ज करू, पण आधी चर्चच्या नोंदवह्या पाहू. बाप्तिस्म्याच्या वहीत मार्च 1868 ची नोंद मिळाली. जून 1870 चीही मिळाली, पालकांची नावं आणि बापाचा धंदा तोच. म्हणजे एकाच मुलाचा बाप्तिस्मा दोनदा? असं क्वचित होतं, पण मन मानेना. मग त्याच चर्चची दफनाची वही उघडली. मे 1869 च्या पानावर तेच नाव, आणि वयाच्या रकान्यात ‘14 महिने’.

बाईंना काही वेळ अर्थ लागेना, आणि लागला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचं, हे त्या काळी अनेक ठिकाणी सर्रास होत असे. उरलेली शंका 1871 च्या जनगणनेने मिटवली. ती 2 एप्रिलच्या रात्रीची, आणि घरात त्या नावाचं मूल होतं, वय 10 महिने. मोठा असता तर तीन वर्षांचा असता. मग मर्जचा प्रस्ताव फेटाळला आणि दोन्ही पानांवर ‘हे दोघं वेगळे’ अशी खूण करून ठेवली, म्हणजे उद्या आणखी कुणी घाईने दोघांना एक करणार नाही. धाकट्याच्या चरित्रात त्यांनी स्वतःहून मोठ्याबद्दल एक ओळ घातली. चौदा महिन्यांच्या त्या पोराच्या पानावर आता बाप्तिस्मा आणि दफन अशा दोन पक्क्या नोंदी आहेत.

तारखांवरून होणारी भांडणं हा आमचा आणखी एक नेहमीचा खुराक. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत 1752 पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, आणि त्याआधी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. 1752 मध्ये 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आला. त्यामुळे 1 जानेवारी ते 24 मार्च या काळातल्या जुन्या तारखेला दोन वर्षं चिकटतात. जॉर्ज वॉशिंग्टन यांचंच बघा. कुटुंबाच्या बायबलमध्ये जन्म 11 फेब्रुवारी 1731/2 असा लिहिलेला आहे, आणि आज साजरा होतो तो 22 फेब्रुवारी 1732 चा. नवा सदस्य तिरकी रेघ पाहतो, टायपिंगची चूक समजून पुसतो, आणि जुना सदस्य अंगावर धावून जातो. दोघांनाही मी वॉशिंग्टनच दाखवते. 1700 च्या आधीच्या प्रोफाइलांना हात लावायचा तर विकीट्रीवर एक छोटी चाचणी द्यावी लागते, 1500 च्या आधीसाठी आणखी एक. नवी मंडळी कुरकुरतात. माझ्या मते ती अट शंभर टक्के योग्य आहे, उलट थोडी सौम्यच आहे.

‘आपण सगळेच कुठेतरी नातेवाईक आहोत का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यावर आकडेमोड करून दाखवायला मला आवडते. दहा पिढ्या मागे 1,024 पूर्वजांच्या जागा. वीस पिढ्या मागे 10,48,576. तीस पिढ्या मागे 107 कोटींहून जास्त. तेवढी माणसं तेव्हा पृथ्वीवरच नव्हती! म्हणजे एकच जोडपं झाडात अनेक जागी पुन्हा पुन्हा येतं, कारण कधी ना कधी चुलत-मावस नात्यांत लग्नं झालेली असतात. शेकडो वंशजांनी त्या एका जोडप्याची शेकडो पानं उघडायची की एक, एवढाच प्रश्न आहे.

डीएनएवाल्यांबद्दल थोडंच, कारण हा विषय नाजूक आहे. सामायिक डीएनएचा आकडा साधारण 1,750 सेंटिमॉर्गन (डीएनए मोजायचं एकक) आला, तर समोरची व्यक्ती आजी-आजोबा, काका-मामा, पुतण्या-भाची किंवा सावत्र भावंड यांपैकी कुणीही असू शकते. नुसता आकडा ते ठरवत नाही. असा निकाल घेऊन कुणी आलं तर मी आधी विचारते, घरात हे कुणाला माहीत आहे? उत्तर ‘अजून नाही’ असेल तर झाडावर काहीही लिहू नका म्हणते.

नोंदी कुठे शोधायच्या हे विचारणाऱ्यांना पहिला पत्ता फॅमिलीसर्चचा देते. 1938 पासून त्यांनी जगभरच्या वह्यांची मायक्रोफिल्म केली, आणि सुमारे 24 लाख रिळांचं डिजिटल रूपांतर 2021 मध्ये पूर्ण झालं. आयर्लंडची मुळं असणाऱ्यांना मात्र सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाकते. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दफ्तरखाना जळाला आणि 1821 ते 1851 च्या जनगणना जवळजवळ संपल्या. 1861 ते 1891 च्या त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट झाल्या होत्या. राहिल्या 1901 आणि 1911, त्या ऑनलाइन मोफत आहेत, तिथून उलटं चालायचं. हे आधी कळलं तर माणूस निराश होत नाही. महिनाभर शोधून कळलं तर होतो.

सध्या हातात असलेलं काम जर्मन नोंदीचं आहे. नवीन आलेल्या एका गृहस्थांनी पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीचा फोटो पाठवलाय, सगळा कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांना सांगते, तिच्यातला ‘ई’ हा ‘एन’सारखा दिसतो, आणि ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या कमानीवरून. वधूचं आडनाव आणि वराचा धंदा एवढं मला लागलं. वधूच्या बापाच्या गावाचं नाव पाच-सहा उभ्या रेघांत हरवलंय, आणि समासात नंतर कुणीतरी वेगळ्या शाईने काहीतरी लिहिलंय ते मुळीच लागत नाही. कुरेंट सराईतपणे वाचणारं तुमच्यात कुणी असेल तर कळवा. फोटो मोठ्या आकारात आहे, आणि गृहस्थांची तो दाखवायला परवानगी आहे.